खापरी नळापासून हीट पंपापर्यंत : नळकारागिरांपुढील नवे काम

कान्हेरीची लेणी पाहिलेल्यांच्या लक्षात असेल, की तेथील बहुतेक विहारांच्या दाराशी खडकात खोदलेले पाण्याचे टाके आहे. डोंगरावरून वाहून येणारे पावसाचे पाणी या टाक्यांत उतरावे म्हणून कातळात पन्हळी कोरलेल्या आहेत. शिलालेखांतील दानांच्या नोंदींत लेण्याबरोबर ‘पोढी’ हा शब्द येतो. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. भिक्खुसंघाच्या निवासाची सोय करायची तर आधी पाण्याची सोय करावी लागते, हे त्या काळच्या दात्यांना ठाऊक होते. त्यांची नावे आपण आजही वाचतो, पण पन्हळीचा उतार अचूक धरणाऱ्या कारागिराचे नाव शिलालेखात शोधू नये.

पुढे मध्ययुगात औरंगाबादेसारख्या शहरांत खापरी नळांतून पाणी फिरले. तथापि आज ज्याला आपण प्लंबर म्हणतो, तो इंग्रजी अमदानीत आला. मुंबईला विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागले ते १८६० साली. ‘प्लंबर’ हा शब्द शिशाच्या लॅटिन नावावरून आलेला आहे, कारण जुने नळ शिशाचे असत. हा व्यवसाय बाहेरून आणि उशिरा आला, म्हणून गावगाड्यातील बलुत्यांत त्याला जागा नव्हती. कोणत्याही जातीच्या कपाळी तो लिहिलेला नव्हता. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत सुतार, लोहार, कुंभार, चांभार आहेत, प्लंबर नाही. हे काम बापाकडून मुलाकडे वारशाने येत नाही, ते शिकावेच लागते. ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्याने हे फार पूर्वी ओळखले. देशातील कोणत्याही मोठ्या शहरात नळकामाला त्या जिल्ह्याची माणसे भेटतात, आणि तेथील पट्टामुंडाई येथे केवळ नळकाम शिकवणारी सरकारी संस्था आहे.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांपैकी काही जण या व्यवसायात आहेत आणि आणखी काही येतील. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हे लिहीत आहे.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी प्लंबरचे कौशल्य म्हणजे लोखंडी जीआय पाइपला आटे पाडणे आणि सांध्याला सफेदा व धागा गुंडाळून पान्याने आवळणे. त्याला बळ लागे, आणि चूक झाली तरी ती बाहेर दिसे. आज घरातील बहुतेक नळ प्लॅस्टिकचे असतात आणि भिंतीच्या आत गाडलेले असतात. सांधा चिकटवायला दोन मिनिटे पुरतात, म्हणून काम सोपे झाले असा समज पसरला. वस्तुतः ते अवघड झाले आहे. साधा पीव्हीसी पाइप गरम पाण्याने मऊ पडतो. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी वापरावा लागतो, आणि त्याला चिकटवण्याचे द्रावणही वेगळे असते. पाइप काटकोनात कापणे, कडा घासून साफ करणे, द्रावण लावून पाइप पाव फेरा फिरवत बसवणे आणि वाळेपर्यंत त्याला हात न लावणे, या चार गोष्टींवर पुढची अनेक वर्षे अवलंबून असतात. फरशी बसण्यापूर्वी नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन चाचणी घ्यावी. घरमालक घाई करतो, गवंडी थांबायला तयार नसतो आणि चाचणी राहून जाते. मग सहा महिन्यांनी शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल येते आणि नवी फरशी फोडावी लागते. त्या वेळी दोष गवंड्याला कोणी देत नाही.

उंच इमारतींत दाबाचे गणित आणखी वेगळे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार असतो. वीस मजली इमारतीच्या गच्चीवरील टाकीचे पाणी तळमजल्यावर सुमारे सहा बार दाबाने येते. तेथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला नाही, तर नळ आणि गिझर दोन्ही निकामी होतात. हे समजायला नववीतले विज्ञान पुरे आहे, मात्र ते परीक्षेनंतर विसरलेले नसावे.

गरम पाण्याचे काम हा या व्यवसायातील सर्वांत वेगाने बदलणारा भाग आहे. वसतिगृहाचेच उदाहरण घेऊ. २०० मुलांना हिवाळ्यात प्रत्येकी १५ लिटर कोमट पाणी द्यायचे, म्हणजे ३००० लिटर. ते २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला साध्या विजेच्या हीटरने सुमारे ८७ युनिट वीज लागते, तीही रोज. हीट पंप हे यंत्र शीतकपाटाच्या उलट चालते. ते बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडते. अनुकूल हवामानात एक युनिट विजेत ते तीन युनिटांइतकी उष्णता देते, म्हणजे तेच काम ३० युनिटांच्या आत-बाहेर होते. कडाक्याच्या थंडीत हा लाभ कमी होतो, हे ग्राहकाला आधीच सांगावे. छतावर ऊन असेल तर सौरबंब अधिक स्वस्त पडतो. पण बोअरचे पाणी जड असेल तर त्याच्या नळ्यांत क्षार साचतात, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. थोडक्यात, कोठे सौरबंब, कोठे हीट पंप आणि कोठे साधा गिझर, हा सल्ला देऊ शकणारा कारागीर आज हवा आहे. त्यासाठी त्याला विजेचे प्राथमिक ज्ञान लागेल. वायरिंग मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

गिझरबाबत दोन गोष्टी प्राणाशी निगडित आहेत. त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी गळते म्हणून काही जण त्याला बूच मारतात. तो व्हॉल्व्ह वाढलेला दाब सोडण्यासाठीच असतो. तो बंद केला की टाकी फुटू शकते. दुसरी गोष्ट गॅस गिझरची. बंद न्हाणीघरात तो लावला तर हवेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत काही कळत नाही. खेळती हवा नसलेल्या न्हाणीघरात असा गिझर बसवायला कारागिराने स्पष्ट नकार द्यावा, मग काम हातचे गेले तरी चालेल.

नकार देण्याचे आणखी एक ठिकाण आहे. नळकामाला जात चिकटली नाही असे वर म्हटले, ते स्वच्छ पाण्याच्या नळापुरते खरे आहे. मैलापाण्याच्या बाजूला आपल्या समाजव्यवस्थेने जी माणसे उतरवली, ती कोणत्या वस्त्यांतली होती हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांवाचून माणूस उतरवण्यास मनाई करणारा कायदा २०१३ चा. तो अमलात आला ६ डिसेंबर २०१३ रोजी. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. तरीही ‘पाइप तुंबला आहे, जरा खाली उतरून बघ’ असे प्लंबरला सहज सांगितले जाते. आतले वायू एका श्वासात मारतात. उपसा करणारी गाडी बोलवा, एवढेच उत्तर द्यावे.

खेड्यातही हे काम वाढत आहे. २०१९ च्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी घरातील नळाने देण्याचे ठरवले. नळ बसले तरी देखभाल कोणी करायची हा प्रश्न राहतो. त्यासाठी गावातल्याच व्यक्तीला नळदुरुस्ती, पंप आणि विजेची जुजबी कामे शिकवणारा ‘नल जल मित्र’ कार्यक्रम आहे. आपल्या मुलींनी त्याकडे पाहावे असे मला वाटते. घरातले पाणी कधी येते आणि कधी जाते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

आता कागदांविषयी थोडे. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या प्लंबरला महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. मुलांच्या शिक्षणासाठीही तेथे साहाय्य आहे. अनुभवाने शिकलेल्यांना पूर्वकौशल्याची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवता येते. मोबाइल अॅपवरून काम देणाऱ्या कंपन्या ग्राहक आणून देतात आणि दरही ठरवून देतात. त्यांच्यावर पूर्णपणे विसंबू नये.

‘हुशार मूल बी.ए., नापास मूल आयटीआय’ ही समजूत आपल्याच घरांत घट्ट बसली आहे. बाबासाहेबांनी १९४२ साली गव्हर्नर जनरलना दिलेल्या निवेदनात सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने येथे अनुसूचित जातींच्या मुलांना उमेदवारी मिळावी अशी मागणी केली होती, याचा पालकांनी शांतपणे विचार करावा. आयटीआयमधील प्लंबरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतनासह अनुभव घेता येतो. आणि जे आधीच कामावर आहेत त्यांनी निदान एवढे आजपासून करावे : भिंत बुजवण्यापूर्वी आतल्या नळांची छायाचित्रे काढावीत, शेजारी टेप धरून मापे टिपावीत, आणि त्यांची एक प्रत घरमालकाला देऊन दुसरी स्वतःजवळ ठेवावी.