भाड्याच्या घरांतील ओल

श्रावणांत मुंबईच्या भाड्याच्या घरांत भिंतीचा रंग पापुद्र्यांनीं सुटूं लागतो, कपाटामागें काळी बुरशी चढते आणि ट्रंकेंतील रेशमी वस्त्रांस कुबट वास येतो. अशा वेळीं रंगाचा एक हात देऊन भिंत झांकण्याचा मोह होतो. तो आवरावा, असें आम्ही वाचकांस आग्रहानें सुचवितों. बुरशी हें केवळ लक्षण आहे. पाण्याची वाट बंद होत नाहीं, तोंवर ती रंग फोडून पुन्हां वर येणारच.

म्हणून ओल कोठून येते, तें प्रथम ठरवावें. पावसाबरोबर वाढून त्याबरोबरच ओसरते, ती बाहेरील भेगांतून आलेली असते. बारा महिने एकाच जागीं टिकते, ती बहुधा नळाची किंवा वरच्या न्हाणीघराची असते. तळमजल्यावर जमिनीपासून वर चढलेला पट्टा दिसल्यास ती पायांतून येते. चौथी ओल आपणच निर्माण करतों: बंद खोलींत वाळत घातलेले कपडे व स्वयंपाकाची वाफ यांनीं. संशय असल्यास प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा भिंतीवर चारी कडांनीं घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडील बाजूस पाणी जमल्यास ओल भिंतींतील, खोलीकडील बाजूस जमल्यास हवेंतील समजावी.

हवेंतील ओलीवर उपाय आपल्या हातीं आहे. कपाटें भिंतीपासून चार बोटें दूर ठेवावीं, कपडे पंख्याखालीं वाळवावे, वाफ बाहेर जाऊं द्यावी. बुरशी कोरडी झाडूं नये. तिचे बीजकण घरभर उडतात. नाक-तोंड बांधून साबणाच्या पाण्यानें ती पुसावी व जागा लगेच वाळवावी. कपाटांत कापूर ठेवल्यानें ओल जात नाहीं.

भिंतींतील ओल मात्र घरमालकाचें काम होय. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या १४ व्या कलमान्वयें, करारांत निराळें ठरलें नसल्यास, जागा राहण्याजोगी राखण्याचें बंधन मालकावर आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतींत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरूस ती स्वतः करून खर्च भाड्यांतून वळता करतां येतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चतुर्थांशाहून अधिक नाहीं. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारानें राहणाऱ्यांनीं दुरुस्तीची जबाबदारी करारांतच लिहून घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत दमट घरांचा दमा व इतर श्वसनविकारांशीं संबंध नोंदविला आहे. तेव्हां नोटीस उद्यां लिहिली तरी चालेल. परंतु वडील माणसांचा पलंग व मुलांचीं अंथरुणें त्या भिंतीपासून आजच हलवावीं.