प्लेटलेट कोणाच्या हाकेला ओ देतात?

कोळगावात जिल्हा मुख्यालयाच्या मोठाल्या इमारती उभ्या राहिल्या, तरी आसपासच्या खाचरांत दिवाळीच्या सुमाराला भातकापणी असतेच. कापता कापता विळा बोटाला लागतो. बाई बोट घट्ट दाबून धरते, चिंधी गुंडाळते आणि थोड्या वेळाने पुन्हा कापायला वाकते. तेवढ्या वेळात त्या बोटात केवढी धावपळ होऊन गेलेली असते!

रक्तवाहिनी चिरली की तिच्या भिंतीतलं कोलॅजन उघडं पडतं. जवळून वाहणाऱ्या प्लेटलेट त्याला चिकटतात आणि जाग्या होतात. बशीसारख्या चपट्या पेशी गोल होतात, त्यांना काटे फुटतात, पोटातल्या दाण्यांतून एडीपी बाहेर पडतं, थ्रॉम्बॉक्सेन तयार होतं. ही दोन्ही द्रव्यं शेजारणींना हाक मारतात. सगळ्यांत जबर हाक थ्रॉम्बिनची. तेच पुढे फायब्रिनचं जाळंही विणतं. अ‍ॅड्रेनलिन एकटं दुबळं, पण दुसऱ्यांच्या हाकेला जोर देतं. हाक कोणाचीही असो, शेवटी प्लेटलेटच्या अंगावरचा एकच आकडा उघडतो आणि त्यात फायब्रिनोजेन अडकवून त्या एकमेकींना धरतात.

आपल्याला प्लेटलेट आठवतात त्या डेंग्यूत, तेही ‘पांढऱ्या पेशी’ या चुकीच्या नावाने. मग घरभर एकच प्रश्न: किती झाल्या? दीड ते साडेचार लाख हे प्रमाण ठीकच, पण नुसत्या मोजणीवर विसंबणं मला पटत नाही. ग्लान्झमान नावाच्या आनुवंशिक विकारात मोजणी बहुधा चोख येते, पण फायब्रिनोजेन धरणारा तो आकडाच नसतो किंवा बिघडलेला असतो. अशा मुलाचा घोळणा फुटला की रक्त थांबता थांबत नाही. हे ओळखायची चाचणी 1962 साली गुस्ताव बॉर्न यांनी मांडली. प्लेटलेट असलेल्या गढूळ प्लाझ्मात एडीपी किंवा कोलॅजन टाकायचं. गुठळ्या झाल्या की तो निवळतो आणि आरपार जाणारा प्रकाश वाढतो. ग्लान्झमानमध्ये तो गढूळच राहतो. परळला केईएमच्या आवारात अशा रक्तविकारांसाठी आयसीएमआरची स्वतंत्र संस्था आहे.

फुरसं या सापाच्या विषातलं एकिस्टॅटिन हे द्रव्यही नेमकं प्लेटलेटच्या याच आकड्यात अडकून बसतं. त्याच्या रचनेवरून टिरोफिबान हे हृदयविकारातलं औषध घडवलं गेलं. पण चावलेल्या माणसाच्या अंगात त्याच विषातलं दुसरं द्रव्य भलतीकडेच थ्रॉम्बिन तयार करवतं, फायब्रिनोजेन संपतं आणि रक्त गोठेनासं होतं. म्हणून दवाखान्यात 2 मिलिलिटर रक्त कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी कलती करून पाहतात.

फुरसं चावलं तर तिथे ब्लेडने चीर देऊ नका. ती चीर वाहतच राहील. करकचून दोरीही बांधू नका. प्रतिविष मिळेल तो दवाखाना तडक गाठा.