जुन्या व्हिडिओ गेम मशीनला कॉम्प्युटर जोडताना

१९८० आणि १९९० च्या दशकांत आपल्या शहरांत व्हिडिओ गेम पार्लरचा धंदा चालत असे. त्यांतली काही मशीन्स आजही गोदामांत पडून आहेत. आतला बोर्ड बंद पडला की कारागीर त्याजागी कॉम्प्युटर बसवतात. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली काढलेला 'मेम' हा प्रोग्राम जुन्या बोर्डाची हुबेहूब नक्कल करतो. गेम सुरू होतो, पण मशीनच्या मॉनिटरवर धड चित्र येत नाही. कारण न समजता तार जोडली तर मॉनिटर जळू शकतो, आणि अशा पिक्चर ट्यूबा आता नव्या बनत नाहीत.

आम्ही कापडवाले, म्हणून मागाच्या भाषेत सांगतो. पडद्यावरचे चित्र म्हणजे आडव्या धाग्यांचा बाणा. जुन्या मॉनिटरवर एका चित्राला सुमारे २६२ रेषा आणि सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे सेकंदाला १५,७२० रेषा. कारागीर याला १५ किलोहर्ट्झ म्हणतात. कॉम्प्युटरचा साधा व्हीजीए ५२५ रेषा काढतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ३१,५००. वेग दुप्पट झाला. एका गतीसाठी बांधलेला माग दुप्पट गतीने हाकला तर कापड बिघडते आणि मागही मोडतो. इथे चित्र फाटते आणि आडव्या रेषांचा ट्रान्झिस्टर जाण्याची भीती असते.

तेव्हा तीन गोष्टींचा बंदोबस्त करावा.

पहिली, वेग. अ‍ॅनालॉग सॉकेट असलेली जुनी रेडिऑन कार्डे 'सीआरटी इमूड्रायव्हर' घालून १५ किलोहर्ट्झवर चालवता येतात. जोडीला 'ग्रूव्हीमेम' घेतला तर तो प्रत्येक गेमची मूळ गती पाळतो. 'मॉर्टल कॉम्बॅट' सेकंदाला सुमारे ५४.७ चित्रे दाखवतो, ६० नव्हे.

दुसरी, ताकद. कॉम्प्युटरच्या रंगाच्या तारेत ०.७ व्होल्ट असतात. गेमचा बोर्ड त्याहून कितीतरी जास्त देतो. मधे छोटा अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर चित्र अंधुक दिसते.

तिसरी, सिंक. कॉम्प्युटर आडव्या व उभ्या सिंकच्या दोन तारा देतो, तर बऱ्याच मॉनिटरना दोन्ही एकत्र केलेली एकच लागते.

'जे-पॅक' नावाचा तयार बोर्ड रंगाची ताकद वाढवतो, सिंक एकत्र करतो आणि चुकीचा वेग आला तर तो मॉनिटरपर्यंत जाऊ देत नाही. कॉम्प्युटर सुरू होताना पहिला पडदा बहुधा ३१ किलोहर्ट्झचाच असतो. म्हणून हा बोर्ड नसेल तर गेमची यादी येईपर्यंत मॉनिटरचे बटण बंदच ठेवावे.

आता जिवाची गोष्ट. पिक्चर ट्यूबमध्ये वीस हजार व्होल्टच्या आसपास वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती साठून राहते. बऱ्याच मॉनिटरची चासी थेट लाइनला जोडलेली असते, म्हणून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. जपानी मॉनिटर १०० व्होल्टचा आणि अमेरिकन साधारण १२० व्होल्टचा, तर आपली लाइन २३० ची. टीव्ही दुरुस्तीचा अनुभव नसलेल्या पोराला मागची फळी उघडू देऊ नये.

शेवटी कायद्याचे. 'मेम' २०१६ पासून मुक्त परवान्यावर आहे, पण गेमचे हक्क ज्या त्या कंपनीचेच आहेत. पैसे घेऊन गेम खेळवायचे असतील तर आधी परवानगी घ्यावी. गिऱ्हाइकाचे काम हाती घेण्यापूर्वी कारागिरानेही हे स्पष्ट सांगावे. हिशेब आधी साफ असला की नंतर तंटा राहत नाही.