मनगटातील दबलेली नस : कारागिरांनी वेळीच ओळखावयाचा आजार

जरीकाम करणारा, शिलाईवाला, खाटीक, चप्पल कारागीर किंवा सुतार यांचे खरे भांडवल म्हणजे त्यांचे हात होत. दुकानातील माल जळाला तर पुन्हा भरता येतो, यंत्र बिघडले तर दुरुस्त होते. परंतु अंगठ्याची ताकद एकदा गेली की ती पूर्वीसारखी परत येईलच याची खात्री कोणताही डॉक्टर देत नाही. असे असूनही हाताला मुंग्या येऊ लागल्या की आपले बहुतेक कारागीर बांधव "थकवा आहे, हंगाम संपला की बघू" असे म्हणून महिनोन्‌महिने काढतात. या मुंग्यांमागे पुष्कळदा ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ नावाचा आजार असतो. वेळीच लक्ष दिले तर त्यावरील उपाय सोपे आहेत.

आजार कसा होतो?

मनगटाच्या तळहाताकडील बाजूस एक अरुंद बोगदा असतो. त्याच्या खाली व दोन्ही बाजूंना मनगटाची लहान हाडे असतात आणि वरून एक जाड, चिवट पट्टा असतो. या बोगद्यातून बोटे व अंगठा वळवणाऱ्या ९ दोऱ्या, म्हणजे कंडरा, आणि एक मुख्य नस जाते. जागा मुळातच थोडी. कंडरांभोवतीचे आवरण जाड झाले किंवा सुजले की दाब त्या नसेवर येतो. मनगट फार वाकवून ठेवल्यासही बोगद्यातील दाब वाढतो. या विकाराचे वर्णन इंग्लंडचे शल्यविशारद सर जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्येच केले होते.

जोर लावून तेच ते काम वारंवार करणे, मनगट वाकवून तासन्‌तास बसणे आणि थरथरणारी यंत्रे हाताळणे ही कामाशी निगडित कारणे होत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत अशा कामामुळे होणाऱ्या या विकाराचा समावेश आहे. मात्र काम हे एकच कारण नसते. मधुमेह, थायरॉईडचा विकार, संधिवात, लठ्ठपणा आणि गर्भारपण यांतही नस दबते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार अधिक आढळतो. म्हणून घरी बसून टिकल्या लावणाऱ्या, भरतकाम करणाऱ्या भगिनींनीही या माहितीकडे लक्ष द्यावे.

ओळखावे कसे?

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात किंवा बधिरपणा येतो. करंगळी सहसा सुटते, कारण तिची नस वेगळी. त्रास रात्री वाढतो. झोपमोड होते आणि हात झटकल्यावर बरे वाटते. पुढे सुई हातातून निसटते, गुंडी लावणे जमत नाही. शेवटी अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा खोलगट दिसू लागतो. ही धोक्याची खूण होय.

घरी एक चाचणी करून पाहता येते. दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींस टेकवून मनगटे खाली वाकवावीत आणि १ मिनिट तसेच राहावे. वरील बोटांत मुंग्या आल्या तर संशयास जागा आहे. पक्के निदान मात्र डॉक्टरच करू शकतात. गरज भासल्यास ते नसेतील विद्युतप्रवाहाचा वेग मोजणारी तपासणी करावयास सांगतात. रक्तातील साखर व थायरॉईडही तपासून घ्यावे. मानेतील नस दबल्यानेही हाताला मुंग्या येतात, हे लक्षात असावे. अचानक एक हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा तत्काळ रुग्णालय गाठावे.

उपचार

सुरुवातीच्या अवस्थेत मनगट सरळ ठेवणारी पट्टी रात्री झोपताना बांधणे हा पहिला उपाय. ती काही आठवडे नियमाने वापरावी. पट्टी घट्ट आवळू नये, नाहीतर दाब उलट वाढेल. त्याने भागले नाही तर डॉक्टर मनगटात स्टेरॉईडचे इंजेक्शन देतात. त्याने पुष्कळांना काही आठवडे किंवा महिने आराम मिळतो. परंतु त्रास पुन्हा उद्भवू शकतो. गर्भारपणातील त्रास बहुधा बाळंतपणानंतर कमी होतो.

बधिरपणा सतत राहू लागला किंवा अंगठा अशक्त झाला तर शस्त्रक्रिया टाळू नये. फक्त हात बधिर करून तो चिवट पट्टा कापतात व नसेला जागा मोकळी करतात. काम थोड्या मिनिटांचे असते आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. हलकी कामे लवकर करता येतात. जोराच्या कामास मात्र काही आठवडे थांबावे लागते आणि पकडीची ताकद भरून येण्यास महिने लागू शकतात. म्हणून हंगामाच्या तोंडावर धावपळ करण्याऐवजी मंदीच्या दिवसांत हे उरकून घेणे शहाणपणाचे.

‘नस बसवून’ देणाऱ्याकडून जोरात चोळून घेतल्याने तो पट्टा सैल होत नाही. वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्याने नसेवरील दाब हटत नाही. पोट व मूत्रपिंडाला मात्र अपाय होऊ शकतो.

कारखानदारांनी काय करावे?

मनगट सरळ राहील अशा उंचीवर अड्डा व शिलाईचे टेबल असावे. कात्री, सुरी, पटाशी यांना वेळोवेळी धार लावावी. बोथट हत्याराला जोर अधिक लागतो. मुठी फार बारीक नसाव्यात. दर तासाला काही मिनिटे हात मोकळे करू द्यावेत आणि एकाच कारागिराला दिवसभर एकच काम न देता अदलाबदल करावी. नगावर मजुरी घेणारा कारागीर आपणहून थांबत नाही, म्हणून ही सवय मालकानेच लावावयास हवी. जेथे राज्य कामगार विमा योजना लागू आहे तेथे कारागिरांची नोंदणी जरूर करावी. तिच्यात उपचाराची सोय आहे आणि अटी पूर्ण झाल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के दराने रोख मदत मिळते.

हाताला मुंग्या येऊन रात्री झोप मोडत असेल तर ईदच्या किंवा लग्नसराईच्या ऑर्डरी संपण्याची वाट पाहू नये. याच आठवड्यात डॉक्टरांना हात दाखवावा.