मेंढीच्या अंगावरून आपल्या अंगावर

घोंगडी घ्यायला गेलेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही टोचते का हो? हो, थोडी टोचते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची असेल तर टोचायलाच हवी. का टोचते हे कळले की खरी कोणती, खोटी कोणती आणि धुवायची कशी, हेही आपोआप उलगडत जाते.

सुरुवात मेंढीपासून करू. कुत्र्या-मांजराच्या अंगावर केस असतात, सशाच्या अंगावर लव, घोड्याच्या मानेवर आयाळ आणि मेंढीच्या अंगावर लोकर. पण दख्खनी मेंढीच्या अंगावर निव्वळ लोकर नसते. मऊ, नागमोडी लोकरीत सरळ, जाड, राठ केसही मिसळलेले असतात. टोचतात ते हे केस. थंडीत घालतो तो मऊ लोकरी स्वेटर बहुधा मेरिनो जातीच्या मेंढीचा असतो. तिचा तंतू फार बारीक असतो. दोघींची तुलना करून दख्खनी लोकरीला हलकी ठरवणे हा अन्याय आहे. दिवसभर रानात वापरायला, पावसात पांघरायला राठ लोकरच टिकते.

कातरणी वर्षातून साधारण दोनदा होते, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा उन्हाळ्यात. त्याआधी मेंढ्यांना ओढ्यात किंवा तळ्यात धुतात, अंग वाळू देतात, मग आडवे पाडून कातरीने लोकर उतरवतात. मेंढी नीट वाळली नसेल तर ओलसर लोकर ढिगात कुबट होते, आणि तो वास पुढे घोंगडीत उतरतो. एका मेंढीची वर्षभराची लोकर किलोभरही भरत नाही. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला जावळ म्हणतात, अगदी बाळाच्या जावळासारखे. ती सगळ्यांत मऊ आणि काळी कोकरे असतील तर सगळ्यांत काळीभोर. म्हणून जावळाच्या घोंगडीला जास्त पैसे पडतात. जावळाची म्हणून कोणी दाखवली तर पाठीवर न टाकता मानेला लावून बघावी. मानेची कातडी लगेच खरे सांगते.

इथेच एक अडचण आहे. मटणाला भाव आहे, लोकरीला नाही. जत तालुक्यातल्या माडग्याळ जातीची मेंढी अंगाने मोठी, पण तिच्या अंगावर लोकर जेमतेम. अशा मेंढ्यांशी संकर वाढला की कळपातली घोंगडीजोगी लोकर कमी होते. कातरलेली लोकर फेकून द्यायची वेळही कित्येक मेंढपाळांवर येते. घोंगडीची किंमत ऐकून घासाघीस करण्याआधी एवढे लक्षात ठेवावे.

पुढचे काम निवडण्याचे. काटे, कुसळे, लेंड्यांचे कण हाताने वेचतात आणि रंग वेगळे करतात. मग लोकर पिंजतात, म्हणजे गुंता सोडवून ती फुलवतात. पिंजलेल्या लोकरीचे पेळू करून चरख्यावर सूत काततात. हे काम बहुतेक घरातल्या बायका करतात. हाताने कातलेले सूत कुठे जाड, कुठे बारीक असते. त्याला दोष समजू नये. गिरणीचे सूत सगळीकडे सारखे असते, ओळखायची ती पहिली खूण.

विणायचे काम परंपरेने सणगर समाजाकडे आहे. उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात, आडव्यांना बाणा. लोकरीचा ताणा कच्चा असतो, मागावर घासला की सुटतो. म्हणून चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्यांची खळ करतात आणि ताणलेल्या सुतावर कुंच्याने फिरवतात. खळ वाळली की सूत कडक होते. मग विणकर खड्ड्याच्या मागावर, पाय खड्ड्यात सोडून, बाणा टाकत जातो. नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ लागते ती या खळीमुळे. वापरात ती हळूहळू सैल होते. पहिल्या आठवड्यात कंटाळून माळ्यावर टाकणारे पुष्कळ भेटतात.

आता पारख. घोंगडीच्या टोकाची दशी म्हणजे ताण्याचा धागा. तो एक काढून चिमट्यात धरून, पाण्याची वाटी जवळ ठेवून पेटवावा. लोकर सावकाश जळते, ज्योत काढली की विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. अॅक्रिलिक वितळते आणि टोकाला टणक मणी उरतो. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो. लोक बहुधा दशीवरच थांबतात. काठाजवळचा एक आडवा धागाही जाळून बघावा, कारण ताणा एक आणि बाणा दुसराच, असाही माल असतो. शिवाय पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांपासून धागा काढून ब्लँकेटे बनतात. तीही या परीक्षेत पास होऊ शकतात, कारण लोकर ती लोकरच. तिथे सुताचा ओबडधोबडपणा बघणेच कामाला येते.

सगळ्यांत जास्त नुकसान होते ते धुताना. प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि रगडणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात, कापड आवळते आणि जाड होते. काश्मिरी नमदा मुद्दाम असाच करतात, पण आपल्याला घोंगडीचा नमदा नको आहे. म्हणून वॉशिंग मशीन नको, धोपटणे नको, कपडे धुण्याचा सोडा नको. ब्लीच तर लोकरीला विरघळवतेच. थंड पाण्यात रिठ्याचा फेस करून घोंगडी बुडवावी, हलके दाबावे, पाणी बदलावे. पिळू नये. बाजेवर आडवी पसरून सावलीत वाळवावी; दोरीवर टांगली तर पाण्याच्या वजनाने लांबते. सकाळी लवकर धुवावी, कारण ती वाळायला फार वेळ लागतो. ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार उगाच पडलेला नाही. खरे तर वरचेवर धुवायची गरजही नसते. झटकून उन्हात टाकली तरी पुष्कळ होते.

ठेवताना मोठा शत्रू म्हणजे कसर. उडणारे पाखरू लोकर खात नाही, त्याची अळी खाते, आणि घामाचे किंवा सांडलेल्या अन्नाचे डाग तिला विशेष आवडतात. म्हणून वापरलेली घोंगडी तशीच पेटीत कोंबू नये. स्वच्छ, पूर्ण वाळलेली घडी सुती कापडात बांधावी आणि दोन-तीन महिन्यांनी उलगडून झटकावी, घड्यांच्या आत विशेष. कडुलिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, पण एकदा अळी झाली की तो पुरत नाही. डांबरगोळ्या ठेवल्या असतील तर घोंगडी बाहेर काढल्यावर भरपूर वारा देऊनच वापरावी, आणि तान्ह्या बाळाच्या अंगावर ती घालूच नये. भोक पडलेच तर रफूसाठी बाजारातला धागा शोधू नये; दशीतला एखादा लांब धागा सोडवून सुईत ओवावा, रंग बरोबर जुळतो.