एक पेला कॉफी आणि एक गिगावॉट

कुंभकोणम् हे कावेरीच्या काठचे देवळांचे गाव. तंजावरच्या भोसले राजांच्या अमलामुळे मराठी माणसाला ते अगदीच परके नाही. श्रीनिवास रामानुजन् या अलौकिक गणितज्ञाचे बालपण याच गावी गेले. परंतु आज सामान्य प्रवाशाच्या तोंडी या गावाचे नाव येते ते बहुधा तेथल्या ‘डिग्री कॉफी’मुळे. ‘डिग्री’ या शब्दाची उपपत्ती अनेक प्रकारे सांगतात. दुधाचा कस पाहण्याच्या दुग्धमापकावरील अंशांवरून तो आला, ही त्यांपैकी एक. ते खरे असो वा नसो, कॉफीच्या पेल्यापाशी मोजमापाचा विचार सुचावा हे त्या गावाला शोभण्यासारखेच आहे.

कॉफीसाठी एक लिटर पाणी तापवायचे आहे असे धरू. दूधही उष्णतेच्या हिशेबाला पाण्यासारखेच असते. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एका सेल्सिअस अंशाने वाढविण्यास जी उष्णता लागते, ती एक किलोकॅलरी. तीस अंशांवरचे पाणी शंभर अंशांपर्यंत न्यायचे, तर सत्तर किलोकॅलरी हव्यात. ही झाली उष्णतेची भाषा. विजेच्या शेगडीवर मात्र ‘एक किलोवॉट’ असे लिहिलेले असते. या दोन भाषांचा मेळ कसा घालायचा?

त्यासाठी प्रथम ऊर्जा आणि शक्ती यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. कुंभकोणमच्या महामहम् तलावात किती पाणी साठले आहे हा एक प्रश्न. त्यात दर तासाला किती पाणी येते हा दुसरा. पहिला प्रश्न ऊर्जेसारखा, दुसरा शक्तीसारखा. किलोकॅलरी हे ऊर्जेचे माप आहे, तर किलोवॉट हे शक्तीचे, म्हणजे ऊर्जा किती वेगाने वाहते त्याचे. म्हणून किलोवॉटची तुलना नुसत्या किलोकॅलरीशी होत नाही. ती ‘ताशी किलोकॅलरी’शी करावी लागते.

उष्णता आणि यांत्रिक कार्य ही एकाच ऊर्जेची दोन रूपे आहेत, हे एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने प्रयोगांनी दाखवून दिले. आज त्याच्याच नावाने ऊर्जा मोजली जाते. एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४,१८७ जूल. एक किलोवॉट म्हणजे सेकंदाला १,००० जूल, म्हणजेच तासाला ३६ लाख जूल. भागाकार केला की उत्तर येते ८६०. एक किलोवॉट म्हणजे ताशी ८६० किलोकॅलरी, ही या साऱ्या हिशेबाची गुरुकिल्ली होय. त्या शेगडीतून मिनिटाला चौदा किलोकॅलरींहून थोडी अधिक उष्णता मिळते. काहीच वाया गेले नाही, तर पाणी पाच मिनिटांच्या आत उकळावे.

ब्रिटिश पद्धतीत हेच माप पौंड आणि फॅरेनहाइट यांवर बसविलेले आहे. त्या हिशेबाने एक किलोवॉट म्हणजे ताशी ३,४१२ ब्रिटिश औष्णिक एकके, अर्थात बी.टी.यू. वातानुकूलन यंत्राचा ‘टन’ याच घराण्यातला. एक अमेरिकन टन, म्हणजे दोन हजार पौंड, बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तो वेग म्हणजे एक टन. ताशी १२,००० बी.टी.यू., अथवा सुमारे साडेतीन किलोवॉट. रेशमी साड्यांच्या एखाद्या दुकानदाराने दीड टनाचे यंत्र घेतले आणि या कोष्टकाने गुणाकार करून सव्वापाच किलोवॉट वीज लागेल असे मानले, तर तो फसेल. सव्वापाच किलोवॉट ही यंत्राने दुकानाबाहेर नेलेली उष्णता आहे. ती बाहेर नेण्यास लागणारी वीज साधारणतः दीड किलोवॉटच्या आसपास असते. गुणाकार बरोबर होता. आकडा कशाचा, हे विचारायचे राहून गेले.

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर पाहायचा, तर त्याच राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील कूडनकुळम् येथील अणुविद्युत्केंद्राकडे वळावे. तेथील पहिल्या एककाचे व्यापारी उत्पादन २०१४ च्या अखेरीस सुरू झाले. त्याची विद्युत्शक्ती १,००० मेगावॉट, म्हणजेच एक गिगावॉट. मेगावॉट म्हणजे हजार किलोवॉट आणि गिगावॉट म्हणजे दहा लाख किलोवॉट. तेव्हा एक गिगावॉट म्हणजे ताशी ८६ कोटी किलोकॅलरी, किंवा ताशी सुमारे ३४१ कोटी बी.टी.यू. परंतु त्याच अणुभट्टीची औष्णिक शक्ती आहे ३,००० मेगावॉट. ताशी २५८ कोटी किलोकॅलरी. दोन्ही आकडे खरे आहेत. अणुभट्टीत निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी एक तृतीयांशच वीज होते. उरलेली ताशी १७२ कोटी किलोकॅलरी बहुतांशी समुद्राच्या पाण्यात जाते. ते पाणी सात अंशांनी तापते असे धरले, तर तासाला सुमारे पंचवीस कोटी लिटर पाणी लागेल.

हा अभियंत्यांचा गलथानपणा नव्हे. उष्णतेचे संपूर्ण कार्यात रूपांतर करीत राहणारे यंत्र बनवता येत नाही, या सत्याची वाट सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्येच दाखविली होती. म्हणूनच केंद्राच्या आकड्यापुढे ‘औष्णिक’ की ‘विद्युत्’ हा शब्द नसेल, तर वाचकाची तिपटीने चूक होऊ शकते.

येथे ‘रूपांतर’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ वेगळे होतात. किलोवॉटचे किलोकॅलरीत रूपांतर कागदावर होते; ते उलटसुलट कितीही वेळा केले तरी काही घटत नाही. उष्णतेचे विजेत रूपांतर यंत्रात होते आणि तेथे निसर्ग आपला वाटा आधी काढून घेतो.

आता पुन्हा कॉफीकडे यावे. साध्या विजेच्या शेगडीवर पाण्यात शिरलेल्या सत्तर किलोकॅलरींसाठी अशा केंद्रात निदान दोनशे दहा किलोकॅलरी उष्णता निर्माण झालेली असते. वाटेतील तारांची आणि भांड्याची गळती निराळीच. थेट ज्योतीवर तापवतानाही पुष्कळ उष्णता भांड्याभोवतीच्या हवेत जाते, हे खरे; परंतु तेथे उष्णतेची वीज आणि विजेची पुन्हा उष्णता असा वळसा नसतो. विजेचे बिल हातात आले म्हणजे त्यावरील एका युनिटमागे केवळ ८६० किलोकॅलरी नाहीत, सुमारे अडीच हजार आहेत, हे ज्याला उमगले, तो दिवा मालवताना हात आखडणार नाही.