बेरोजगारी ४.२ टक्के, काम २२.८ टक्क्यांना

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६व्या फेरीत (जुलै ते डिसेंबर २०१८) १५ वर्षे व त्यावरील वयाच्या दिव्यांगांमधील बेरोजगारीचा दर ४.२ टक्के निघाला. त्याच सुमाराच्या, २०१८-१९ च्या श्रमबल पाहणीत त्याच वयाच्या सर्व लोकसंख्येचा दर ५.८ टक्के होता. नुसते हे दोन आकडे शेजारी मांडले, तर दिव्यांगांची स्थिती इतरांपेक्षा बरी दिसते.

गोम भाजकात आहे. बेरोजगारीचा दर काढताना फक्त काम करणारे आणि काम शोधणारे धरले जातात. सर्व लोकसंख्येत असे लोक ५०.२ टक्के, दिव्यांगांमध्ये २३.८ टक्के. म्हणजे शंभरातले २३ कामावर, एक शोधात आणि ७६ जण रांगेतच नाहीत. या ७६ मध्ये वृद्ध आहेत, शिकणारे आहेत. दिव्यांगांमध्ये वृद्धांचा वाटा जास्त असल्याने सगळी तफावत भेदभावाच्या खात्यावर टाकता येत नाही. तरीही प्रत्यक्ष कामावर असलेल्यांचे प्रमाण २२.८ विरुद्ध ४७.३ टक्के आहे, निम्म्याहूनही कमी.

रांग सुटते ती बरीच आधी. त्याच पाहणीनुसार १५ वर्षांवरील दिव्यांगांपैकी माध्यमिक किंवा त्यापुढचे शिक्षण झालेले १९.३ टक्के. जाहिरातीत ‘किमान दहावी’ लिहिले की पाचांपैकी चार जण तिथेच गळतात. अपंगत्वाचे प्रमाणपत्र २८.८ टक्क्यांकडे होते. दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण ३ वरून ४ टक्के केले, पण ते ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व प्रमाणित झालेल्यांसाठी. सगळेच या निकषात बसतील असे नाही. मात्र कागदच नसेल, तर बसतो की नाही हे ठरणार कसे?

२०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, महाराष्ट्रात २९.६३ लाख, म्हणजे देशाच्या ११ टक्के. सर्व वयांचे धरून देशातील ३६ टक्के दिव्यांग काम करत होते: पुरुष ४७, स्त्रिया २३ टक्के. (२०१८ च्या आकड्याशी याची तुलना करू नये, वयोगट आणि व्याख्या दोन्ही वेगळ्या आहेत.) विचित्र गोष्ट स्त्रियांच्या आकड्यात आहे. ग्रामीण भागात २५ टक्के दिव्यांग स्त्रिया कामावर, शहरात १६ टक्के. लिफ्ट, बस आणि ऑफिसे आहेत तिथे प्रमाण नऊ अंकांनी कमी. गावात घरच्या शेतीतले काम मोजले जाते; शहरात कामासाठी आधी घराबाहेर पडावे लागते.

खासगी क्षेत्रासाठी कायद्यात ५ टक्के हा आकडा आहे, पण तो सक्तीचा नाही. तेवढे दिव्यांग कर्मचारी घ्यावेत म्हणून सरकारने सवलती द्यायच्या, त्याही ऐपतीनुसार. जपानमध्ये एप्रिल २०२४ मध्ये २.५ टक्के बंधनकारक झाले. शंभराहून अधिक कर्मचारी असलेली कंपनी कमी पडली, तर दर रिकाम्या जागेमागे महिन्याला ५० हजार येन भरते. आपले उद्दिष्ट त्या आकड्याच्या दुप्पट, आकारणी शून्य.

दिव्यांगांसाठी सोयी करायला खर्च येतो, ही सबब मोजून पाहता येते. अमेरिकेतील जॉब अ‍ॅकमोडेशन नेटवर्कच्या पाहण्यांत, केलेल्या सोयींपैकी निम्म्याच्या आसपास सोयींना काहीच खर्च आला नाही: वेळ बदलणे, जागा बदलणे, सूचना लेखी देणे. जिथे एकदाच खर्च झाला, तिथे मध्यक सुमारे ३०० डॉलर. रॅम्पला मात्र जागा लागते. १:१२ या उताराने १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्यांसाठी ५.४ मीटर. इमारत बांधतानाच ती सोडणे आणि नंतर पार्किंग तोडून काढणे, या दोन्हींचे बिल एक नसते.

अशा लेखात मागील वर्षाशी तुलना अपेक्षित असते. इथे ती शक्य नाही. सर्वसाधारण बेरोजगारीचा आकडा २०२५ पासून दर महिन्याला येतो. दिव्यांगांच्या खास नमुना पाहण्या झाल्या त्या १९८१, १९९१, २००२ आणि २०१८ मध्ये. मधली अंतरे १०, ११ आणि १६ वर्षांची.